तिरकी रेघ घरं मोजून मापता येत नाही

काल भाची वही घेऊन आली, मामा ते दोन बिंदूंमधल्या अंतराचं सूत्र पाठच होत नाहीये म्हणाली, कुठे वजा कुठे अधिक तेच विसरायला होतं. म्हटलं सूत्र ठेव बाजूला, आधी ग्राफ पेपर काढ.

(-३, २) आणि (५, -४) हे दोन बिंदू मांडायला लावले, पट्टीने जोडायला सांगितले आणि विचारलं, किती अंतर? तर तिने ती तिरकी रेघ ज्या ज्या घरातून जाते त्या प्रत्येकात पेन्सिलीने टिंब दिलं आणि टिंबं मोजून सांगितलं, १२. मी चूक-बरोबर काहीच बोललो नाही. कागदाची एक पट्टी फाडली, तिच्या कडेवर रेघेच्या दोन्ही टोकांच्या खुणा केल्या आणि ती एक्स अक्षावर आडवी ठेवली, पहिली खूण शून्यावर. दुसरी खूण बरोब्बर १० वर आली! ती बघतच राहिली, मग स्वतः परत एकदा ठेवून बघितली.

घोळ असा आहे की एक घर म्हणजे एक एकक हे फक्त आडवं नाहीतर उभं चालताना खरं. तिरकी रेघ एखाद्या घराचा नुसता कोपरा कापून जाते आणि आपण ते अख्खं घर धरतो, आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात गेली तर तिथे √२ होतात, म्हणजे साधारण १.४१, तरी आपण मोजतो एकच.

मग काटकोन त्रिकोण काढला. (-३, २) पासून सरळ आडवं (५, २) पर्यंत आणि तिथून खाली (५, -४) पर्यंत. आडवी बाजू किती विचारल्यावर ती म्हणाली २, पाचातून तीन गेले. ही चूक फार जणांची होते, त्या उण्याकडे लक्षच जात नाही. बोट ठेवून मोजायला लावलं, उणे तीनपासून शून्यापर्यंत ३ आणि पुढे ५, झाले ८. उभी बाजू ६. आता पायथागोरस, ६४ अधिक ३६ म्हणजे १००, वर्गमूळ १०. पट्टीनेही तेच सांगितलं होतं. तेव्हा तीच म्हणाली, अरे म्हणजे सूत्र हेच आहे की!

हेच आहे. एक्समधला फरक, वायमधला फरक, दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. कुठला बिंदू आधी घ्यायचा याचं टेन्शनच नाही, कारण -८ चा वर्गही ६४ च. बौधायनाच्या शुल्बसूत्रात (यज्ञवेदी मापायच्या नियमांचा आपला प्राचीन ग्रंथ) आयताच्या कर्णाबद्दल हीच गोष्ट सांगितलीये, आणि आपल्या त्रिकोणाला अजून दोन रेघा जोडल्या की तो आयतच होतो.

एक मात्र सांभाळायचं, √(६४ + ३६) म्हणजे ८ + ६ नाही. १४ हे कोपऱ्यावरून वळून जायचं अंतर झालं. मी तिला पडताळायची सवय लावली, उत्तर कायम मोठ्या बाजूपेक्षा जास्त आणि दोन्हींच्या बेरजेपेक्षा कमी यायला हवं (बाजू खरंच दोन असतील तर, आडव्या किंवा उभ्या रेघेला नुसती वजाबाकी पुरते). (१, १) आणि (४, ३) घेतले तर √१३, साधारण ३.६१, तीन आणि पाचच्या मधे, ठीक.

आणि हो, कागदाच्या पट्टीची युक्ती दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं असेल तरच चालते. एक्सवर एका सेंटीमीटरला १ आणि वायवर ५ धरले की पट्टी चुकीचं सांगणार, सूत्र नाही चुकत.

जाता जाता तिला विचारलं, आरंभबिंदूपासून, म्हणजे (०, ०) पासून, ५ अंतरावर एक्स आणि वाय दोन्ही पूर्णांक असलेले बिंदू किती? आधी म्हणाली चार, दोन्ही अक्षांवरचे. मग (३, ४) सापडला, मग (४, ३), मग उणे चिन्हांचे सगळे, मोजले तर बारा! कंपास शून्यावर टेकवून ५ ची त्रिज्या घेऊन फिरवला तर बाराही बिंदूंवरून गेला. जेवायला हाक मारली तरी उठेना, १० अंतरावर किती येतात ते शोधत बसली होती.