तार डोळ्यांसाठी बनवली आणि माणसं ती कानांनी वाचायला लागली

गेले काही दिवस तारयंत्राचा इतिहास वाचतोय आणि डोक्यातून जातच नाहीये, म्हणून इथे लिहून टाकतो.

सुरुवात डॅनिश शास्त्रज्ञ ऑर्स्टेडपासून. १८२० मध्ये त्याला दिसलं की तारेतून करंट सोडला की शेजारच्या होकायंत्राची सुई हलते. मग सुई हलवून निरोप का पाठवू नये, असं बऱ्याच जणांच्या मनात आलं. इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांनी १८३७ मध्ये पाच सुयांचं यंत्र केलं, दोन सुया वळून ज्या अक्षराकडे बोट दाखवतील ते अक्षर, म्हणजे काही न शिकताही कोणालाही वाचता येईल. कल्पना मस्तच, पण तारा खूप लागायच्या आणि अक्षरं फक्त वीस. क्यू नव्हताच! १८४५ मध्ये जॉन टॉवेल नावाचा माणूस खून करून स्लाऊहून लंडनच्या रेल्वेत बसला, तो क्वेकर पंथाच्या वेशात होता, तर तारबाबूला तो शब्द केडब्ल्यू लावून पाठवावा लागला. तरीही गाडीच्या आधी तार पोचली आणि तो पकडला गेला.

तिकडे अमेरिकेत मोर्स. हा मुळात चित्रकार, १८३२ मध्ये जहाजावरच्या गप्पांत त्याला हे सुचलं. त्याने एकाच तारेवर भागवलं, पण सगळं श्रेय त्याला देणं मला पटत नाही. लांब तारेत करंट मंदावतो, त्यावर रिलेची युक्ती जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाची, म्हणजे क्षीण झालेल्या करंटने फक्त एक स्विच ओढायचा आणि पुढच्या तारेला नवी बॅटरी जोडून द्यायची. यंत्र नीट घडवण्यात मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेलचा मोठा हात. आणि कोड, म्हणजे प्रत्येक अक्षराची टिंब-रेघांची खूण, बसवताना छापखान्यातले अक्षरांचे खिळे मोजले, ज्या अक्षराचे खिळे जास्त त्याची खूण छोटी. म्हणून इंग्रजीतला ई म्हणजे नुसता एक टिंब. पेनाने टेबलावर एकदा टक् करून बघा, झालं अक्षर! इतकं साधं आणि इतकं हुशार काम मी क्वचितच पाहिलंय.

वॉशिंग्टन ते बाल्टिमोर लाइनसाठी सरकारने ३०,००० डॉलर दिले, तारा आधी जमिनीत पुरल्या, इन्सुलेशन खराब निघालं, मग खांब रोवले आणि २४ मे १८४४ ला पहिला अधिकृत निरोप गेला.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. मोर्सचं यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवायचं, त्या बघून वाचायचं अशी योजना. पण दिवसभर यंत्रापाशी बसणाऱ्या पोरांच्या लक्षात आलं की पट्टी बघायची गरजच नाही, लोखंडी दांडी खाली आपटल्याचा एक आवाज आणि वर सुटल्याचा दुसरा, दोन्हींमधलं अंतर कमी तर टिंब, जास्त तर रेघ. कट्ट कडकट्ट ऐकत ती सरळ शब्द लिहायला लागली. हे कोणी शिकवलं नव्हतं, रोजच्या कामातून आलं, आणि पुढे तर कागद काढून टाकून फक्त आवाज करणारी यंत्रंच बनायला लागली.

आणि कान इतके तयार झाले की शेकडो मैलांवर, कधीही न पाहिलेला कोण बटण दाबतोय हे नुसत्या ठेक्यावरून ओळखायचे. नाव सांगायच्या आधीच.