बारा मिनिटांत किती मीटर?

फुटबॉलच्या हंगामाआधी मुलांचा दम मोजायला मी कूपरची चाचणी घेतो. अमेरिकन डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही पद्धत. बारा मिनिटांत जेवढं पळता येईल तेवढं पळायचं, मीटरमधून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागायचं. येतो तो व्हीओ-टू मॅक्सचा अंदाज: दर मिनिटाला, दर किलो वजनामागे शरीर किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं. २४०० मीटरला ४२.४, २८०० ला ५१.३.

गणित सोपं, घोळ मैदानावर होतो. गोव्यात बांबोळीच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर सगळ्यांना पहिल्याच लेनमध्ये ठेवावं लागतं. तिसऱ्या लेनमध्ये फेरीमागे साधारण १५ मीटर जास्त पडतात. सहा फेऱ्यांत ९० मीटर हिशोबाबाहेर, म्हणजे आकडा दोनने खाली. गावच्या लाल मातीच्या मैदानावर मी टेप धरून दर ५० मीटरला खुणेचा शंकू ठेवतो. पावलांनी मोजलेलं अंतर कधीच धरत नाही. दोन मुलांमागे एक मोजणारा, फेरी संपली की कागदावर रेघ. शिट्टी झाली की जिथे असेल तिथेच थांबायचं.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती पहिल्या फेरीत. २४०० साठी दर फेरीला दोन मिनिटं पुरतात, पण दीड मिनिटात फेरी मारणारा आठव्या मिनिटाला चालायला लागतो. मग त्याचा दम नाही, घाईच मोजली जाते. म्हणून पहिली वेळ सरावाची, आठवड्याने खरी. दर फेरीला वेळ मोठ्याने सांगतो.

२० मीटरवरच्या दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करायची ती बीप चाचणी खेळाडूंना जास्त जवळची, कारण तीत वळणं असतात. वेग ताशी ८.५ किलोमीटरपासून दर मिनिटाला, म्हणजे दर पायरीला, अर्ध्याने वाढतो. रेषा अर्धा मीटर जवळ पडली तर १२ चा वेग खरा ११.७ च असतो. अर्ध्याहून जास्त पायरी फुकट मिळते. ओल्या गवतावर वळताना पाय सरकतो, तेव्हा पावसाळ्यात ती हॉलमध्येच. लहान मुलांना वय धरणारं वेगळं सूत्र लावावं.

आणि आपली हवा! दमट उकाड्यात घाम सुकत नाही, रक्त कातडीकडे वळतं, नाडी चढते आणि तोच मुलगा कमी पळतो. मी सकाळी साडेसहालाच घेतो. वहीत आकड्याशेजारी मैदान, वेळ, बूट की अनवाणी हेही लिहितो. ताप येऊन गेलेल्याला त्या आठवड्यात पळवत नाही.