रेस न देता

पळताना गाडी झकास. पन्नास-साठचा वेग असला की तिच्यात काही खोट आहे असं शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटणार नाही. पण सिग्नलला मूठ सोडली की ढुक-ढुक, मग एक ठोका गाळला, पुन्हा एक ढुक, आणि गप्प. मागून हॉर्न, माझ्या किका, आणि चेहऱ्यावर 'मीच बंद केली होती' असा आव.

अशा वेळी चारचौघे एकच उपाय सांगतात. रेस वाढवून घे. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारा तो कार्बोरेटर, त्याच्या अंगाला एक स्क्रू असतो, तो अर्धा आटा पिळला की गाडी बंद पडायची थांबते आणि उभ्या उभ्या गुरगुरायला लागते. मला या उपायाचा मनापासून राग आहे. हा राग वडिलोपार्जित आहे. बाबा म्हणायचे, खोकला झाकायला मोठ्यानं गाणं म्हणतात त्यातला हा प्रकार. रेस देऊन लपवू नकोस.

सुट्टीच्या सकाळी बाबा गाडी उघडून बसत आणि माझी नोकरी असे बॅटरी धरण्याची. ही नोकरी ज्यांनी केली आहे त्यांना ठाऊक असेल, तीत बढती नसते. आपण जिथे प्रकाश पाडतो तिथे तो कधीच नको असतो. "माझ्या नाकावर नको, जेटवर मार." जुन्या ताटात सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडलेले, वाटीत पेट्रोल, आणि बोटं बुचकळून बाहेर काढली की उडून जाणाऱ्या पेट्रोलचा तो गार चटका. मला तो इतका आवडायचा की काम नसतानाही मी वाटीत बोट घालायचो आणि ओरडा खायचो.

एकदा त्यांनी एक चिमुकला पितळी तुकडा माझ्या हातात दिला. "उन्हाकडे धरून बघ. आरपार दिसतंय?" मी एक डोळा मिटला, बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, दिसतंय. काहीही दिसलं नव्हतं. पण बाबांनी मत विचारलं होतं, आणि 'नाही' म्हटलं तर पुढची संधी मिळेल न मिळेल. सगळं परत बसवलं, किक मारली, गाडी पहिल्यासारखीच अडखळली. बाबा काही बोलले नाहीत. सगळं पुन्हा उघडलं, तो तुकडा पुन्हा माझ्या हातात ठेवला. या वेळी मी नीट बघितलं. अंधार होता. मग त्यांनी जुन्या वायरीतला तांब्याचा एकच पदर काढून अलगद आत घातला, पेट्रोलमध्ये खळबळला, फुंकर मारली. मी पुन्हा डोळ्याला लावला तर पितळाच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढा उजेड.

तो पायलट जेट, मंद चालीचं पेट्रोल मोजून सोडणारी तोटी. बऱ्याच कार्बोरेटरांत त्यावर ३५ किंवा ३८ असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे भोक ०.३५ किंवा ०.३८ मिलिमीटरचं. शेजारच्या मेन जेटचं भोक मिलिमीटरच्या आसपास. मूठ जोरात पिळली की कारभार मेन जेटकडे. मूठ सोडली की सगळा संसार या केसभर भोकावर. गाडी दोन-चार महिने उभी राहिली की आतलं पेट्रोल सुकून त्याचा चिकट राप धरतो, आणि राप आधी कुठे बसणार? लहान भोकात. म्हणून पळणारी गाडी थांबता थांबता मरते.

शिवाय ठोक्यांचा हिशेब आहे. चार स्ट्रोकचं एक सिलिंडर मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर दोन फेऱ्यांमागे एक या हिशेबानं स्फोट होतात ६००, सेकंदाला दहा. वेगात एखादा हुकला तरी फिरतं चाक सांभाळून नेतं. मंद चालीत मात्र इंजिनाच्या छातीत श्वासच थोडा असतो, एक ठोका हुकला की पुढचा कशाच्या बळावर मारणार? सावकाश सायकल चालवण्याच्या शर्यतीत मी दर वेळी पहिला पाय टेकायचो. तेही असंच काहीतरी असावं. नव्या गाड्यांत कार्बोरेटरच नाही, ही उठाठेव कॉम्प्युटर करतो. करो बापडा.

तर आजची दुपार. आधी चोक, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका, अर्धा ओढून बघितला. गाडी सुधारली! म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं रबर दाबून, वाकवून बघितलं. भेग नव्हती. ठिणगी पाडणारा प्लग काढला, टोक पांढुरकं, म्हणजे पेट्रोलचाच उपास. मग मात्र उघडायलाच बसलो. मंद चालीतलं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी तो टेकेपर्यंत आत घेत आटे मोजले: पावणेदोन. तळहातावर लिहून ठेवले, कारण पेट्रोलच्या वासात मला पाढेसुद्धा आठवत नाहीत. त्या स्क्रूमागे स्प्रिंग, मोहरीएवढा वायसर आणि त्याहून नाजूक रबरी रिंग असते. ती रिंग आतच चिकटून राहते आणि माणूस अर्धा तास ती फरशीवर शोधतो. मी वीस मिनिटं शोधली.

जेट उन्हाकडे धरला. अंधार. पितळ मऊ, भोकात तार घालू नये असं म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. मी तांब्याचा एक पदर घातला. फुंकर. टाचणीच्या टोकाएवढा उजेड.

दुसऱ्या किकेला गाडी लागली. गरम होऊ दिली, स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करून ठोका जिथे सर्वांत सुरेल लागला तिथे सोडला आणि मग रेस उतरवत नेली. इतकी, की टाकीवरचं फडकंसुद्धा थरथरेना.

बाबा दारात येऊन उभे होते. पूर्वी रस्त्यानं कुणाची गाडी गेली तरी आतूनच सांगायचे, टॅपेट वाजतायत, याचा चोक ओढलेला राहिलाय. ते जवळ आले, ताटातल्या पेट्रोलच्या वाटीकडे बघितलं, माझ्या तळहातावरचे पावणेदोन वाचले.

"बंद का केलीस?" त्यांनी विचारलं.

मी मूठ पिळून जरा रेस दिली.