जोन्सटाऊन: वाटा आधीच बंद होत्या

कोल्हापूर, १८ नोव्हेंबर

आजच्याच तारखेला, १९७८ साली, शनिवारी संध्याकाळी दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या जंगलात ९०९ माणसं मेली. त्यातली ३०४ अठरा वर्षांच्या आतली. ‘बाबाच्या नादाला लागले आन् विष प्याले,’ एवढं बोलून आपल्याकडं कट्ट्यावर हा विषय संपतो. पण प्याल्याची पाळी फार उशिरा आली. बाहेर पडायची एकेक वाट त्याआधी वर्षभर बंद होत होती.

अमेरिकी धर्मगुरू जिम जोन्सचा पंथ, पीपल्स टेंपल, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसात सुरू झाला, १९६५ साली कॅलिफोर्नियात गेला. तिथं काळे-गोरे एका बाकावर बसत, म्हाताऱ्यांची सोय होई, गरिबाला जेवण मिळे. लोक येडे म्हणून गेले नव्हते. घर, पगार पंथाच्या नावावर करणं मागाहून आलं. १९७४ मध्ये गयाना सरकारकडून सुमारे ३,८०० एकर भाडेपट्ट्यानं घेतले, तेच जोन्सटाऊन. १९७७ च्या उन्हाळ्यात पत्रकार मागं लागले तसे शेकडो लोक तिकडं हलवले.

पोचल्या पोचल्या पासपोर्ट जमा. पत्रं तपासूनच बाहेर जायची. रेडिओ जोन्सच्या माणसांच्या हाती. राजधानी जॉर्जटाऊन सुमारे २४० किलोमीटरवर, आणि जायचं तर विमान नाहीतर बोट.

शेतीचं गणित तर पहिल्यापासून चुकलेलं. गगनबावड्याकडची तांबडी माती झाडं तोडल्यावर पावसात कशी धुपते, तशीच तिथली गत. हजारेक तोंडं त्या जमिनीवर जगणं शक्य नव्हतं. म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे महिन्याला सुमारे ६५ हजार डॉलर येत, तरी ताटात भात आणि घेवडा. पाहुणे आले की मात्र चांगलंचुंगलं. दिवसभर राबणं, रात्री सभा, वर लाऊडस्पीकरवर जोन्सचा आवाज. अर्धपोटी, अर्धवट झोपेतला माणूस वाद घालत नाही.

‘व्हाइट नाइट’ म्हणजे एकत्र मरायची तालीम. अवेळी सगळ्यांना मंडपात गोळा करायचं, शत्रू आला म्हणून सांगायचं. एकदा तर सरबत पाजून त्यात विष आहे म्हणाले. प्याल्यावर कळलं, नव्हतं. शेवटच्या दिवशी हे खरं की तालीम, हे सुरुवातीला किती जणांना उमगलं असेल?

१७ तारखेला अमेरिकी खासदार लिओ रायन पाहणीला आले. दुसऱ्या दिवशी पंधराएक जण त्यांच्याबरोबर निघाले. जवळच्या पोर्ट कैतुमा गावच्या विमानाच्या धावपट्टीवर गोळीबार झाला, रायनसह पाच ठार. इकडं मंडपात द्राक्षाच्या चवीचं फ्लेवर एड, म्हणजे पावडरीचं सरबत, त्यात सायनाइड आणि गुंगीची औषधं. सायनाइडनं रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. माणूस आचके देत जातो. ‘शांत मरण’ ही थाप होती.

पहिला नंबर पोरांचा, तान्ह्यांच्या तोंडात सिरिंजनं. हा क्रम मला सगळ्यात भयंकर वाटतो, कारण पोर गेल्यावर आईबाप पळणार कुणासाठी? भोवती बंदूकवाले उभे होतेच. त्या वेळच्या सभेची ४४ मिनिटांची ध्वनिफीत आहे, त्या टेपमध्ये क्रिस्टीन मिलर ही एक बाई उभं राहून विरोध करते, पोरांना जगू द्या म्हणते. लोकच तिला गप्प करतात. जोन्स स्वतः गोळीनं मेला.

गयानाचे डॉक्टर लेस्ली मूटू यांना काही प्रेतांवर सुईच्या खुणा दिसल्या. अमेरिकेत नेल्यावर फक्त सात शवविच्छेदनं झाली. जबरदस्तीनं किती जणांना टोचलं, हा हिशोब तिथंच बुडाला.

त्याच दिवशी सकाळी ११ जण सहलीला जातो म्हणून सटकले होते, त्यात लहान मुलंही होती. मॅथ्यूज रिजच्या मँगनीज खाणीकडं जाणारा जुना रेल्वेमार्ग धरून ते पन्नासेक किलोमीटर चालले आणि वाचले. वाट त्यांनी आधीच हेरून ठेवली होती.