निशिकासाईतला कोहादा

टोकियोच्या निशिकासाईतलं आमच्या गल्लीतलं सुशीचं दुकान महिनाअखेरीस बंद होतंय. ताइशो, म्हणजे सुशी वळणारे मालक, आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, मुलगा ओसाकात नोकरीला, मागे दुकान चालवणारं कुणी नाही. ओकामिसाननी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दारावर ब्रशने लिहिलेला कागद लावला आणि तेव्हापासून आठ खुर्च्यांची ती जागा रोज भरलेली असते. काल आम्ही दोघं जाऊन आलो.

निशिकासाई म्हटलं की घरच्यांना इथली भारतीय वस्तीच आठवते. साधारण २००० सालापासून संगणकाच्या कामासाठी आपली माणसं इथे येत गेली. त्याआधी मात्र हा सगळा कोळ्यांचा किनारा होता. इथे नोरी पिकायची, म्हणजे सुशीला गुंडाळतात ते समुद्री शेवाळ. १९६२ मध्ये टोकियोच्या कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले, मग समुद्रात भराव पडले, १९७९ मध्ये स्टेशन झालं. ओकामिसानचे वडील नोरीवाले. मी मालवणची आहे हे कळल्यावर ओकामिसाननी मला सगळ्यात आधी विचारलं होतं, तुमच्याकडे भरती किती वर येते?

काचेच्या पेटीत पहिल्यांदा किसु नावाचा मासा दिसला तेव्हा मी चक्क मराठीत ओरडले, "अगो, मुडदुशी!" अगदी जवळची बहीणच ती आपल्या मुडदुशीची.

पण या दुकानात खायचा तो कोहादा. वीतभरही नसलेला, चंदेरी, काटेरी मासा. अगदी पिल्लू असताना त्याला शिंको म्हणतात, पुरता वाढला की कोनोशिरो. उन्हाळ्यातला पहिला शिंको महाग, एरवी हा गरिबाचाच मासा. तो चिरून उघडायचा, मीठ लावायचं, धुवायचा, मग व्हिनेगरमध्ये ठेवायचा. मीठ किती वेळ, आंबट किती वेळ, हे त्या दिवशीच्या माशाची जाडी, चरबी आणि हवा बघून ठरतं. लगेच वाढायचाही नाही, मुरू द्यायचा. फ्रिज नव्हते त्या एदोतली, म्हणजे जुन्या टोकियोतली, सुशी गाड्यावर उभ्याने खायच्या काळातली ही रीत. सुशी म्हणजे भातावर कच्चा मासा असं समजणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी कोहादा खायला लावते. काल ताइशोंनी न विचारताच तो माझ्यापुढे ठेवला, आणि मी आणखी दोन मागितले.

या दुकानाचं खरं काम काउंटरपलीकडेही चालायचं. कुणाकडे बाळ झालं, कुणाच्या मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला, कुणाकडे माणूस गेलं, की लाखेच्या गोल काळ्या-लाल तबकांतून घरपोच सुशी जायची. खाऊन झालं की तबक धुऊन दाराबाहेर ठेवायचं, ताइशो सायकलवरून येऊन घेऊन जायचे. आमची मुलगी झाली तेव्हाही तबक आलं. सासूबाई पक्क्या शाकाहारी. त्यांच्यासाठी ताइशोंनी पाट आणि सुरी दोन्ही वेगळी काढून काप्पामाकी, म्हणजे काकडी भरलेले सुशीचे रोल, वळले, तेही आम्ही एका शब्दाने न सांगता. गल्लीत कुणाच्या घरी कोण काय खातं, हे त्यांना माहीत असतं.

ओसाकाजवळ १९५८ मध्ये फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू झाली. आता तिथे स्क्रीनवर बोट लावलं की ताटली पुढ्यात येते, स्वस्त पडते, मुलांना मजा वाटते. आम्हीही जातो आणि पोटभर खातो. दुसरीकडे टोकियोच्या महागड्या गिंझा भागातली नावाजलेली दुकानं आहेत, कित्येक आठवडे आधी जागा धरावी लागणारी. या दोन टोकांच्या मधली, म्हातारा-म्हातारी मिळून चालवतात ती दुकानं एकेक करून मिटतायत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पहाटे मासळीबाजार, आधी त्सुकिजी, २०१८ पासून तोयोसु. मग दिवसभर उभं राहणं. कुठल्या मुलाला सांगणार की तूही हेच कर?

ताइशो म्हणाले, पहिला महिना नुसता झोपणार. ओकामिसानना ओकिनावा बघायचंय.

पुढच्या आठवड्यात सासूबाई कुडाळहून येतायत. दुकान बंद व्हायच्या आत एका दुपारी त्यांना नेणार आहे. कोपऱ्यातली खुर्ची काल धरून ठेवली, आणि ओकामिसाननी वहीत त्यांच्या नावापुढे काकडी लिहून घेतली.