एमजीबीचा नाचरा काटा

"घाट चढताना टॅकोमीटरचा काटा शहाण्यासारखा वागतो आणि सपाटीला लागलो की नाचायला लागतो," पुण्याहून स्वतः गाडी चालवत आलेल्या सरांनी सांगितलं आणि माझे कान टवकारले. गिऱ्हाईक तक्रार इतकी नेमकी सांगतं तेव्हा निम्मं काम तिथंच झालेलं असतं.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम चालतं. येतात ते ट्रॅक्टर, ट्रक आणि रोजच्या मोटारी. १९६७ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दारात लागली तेव्हा शेजारचा टर्नर लेथ बंद करून बघायला आला. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. सगळं मूळचं, जिवापाड जपलेलं.

मी सरांना पुन्हा सगळं सविस्तर सांगायला लावलं. खंबाटकी घाटात ॲक्सिलरेटरचं पेडल खालपर्यंत दाबलेलं होतं, तेव्हा टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या मीटरचा, काटा स्थिर. पुढं साताऱ्याच्या सपाट रस्त्यावर पाय हलका केला, इंजिन ३००० आरपीएमच्या आसपास एकसारखं चाललेलं, आणि काटा मध्येच १००० वर आपटायचा, मध्येच ५००० वर उडायचा. गाडी अधूनमधून बारीक झटकाही द्यायची. गाडी उभी असताना, स्लोवर, काहीच नाही. आधीच्या गॅरेजनं मीटर बाद ठरवून दुसरा मागवायला लावला होता आणि झटक्यांसाठी कार्ब्युरेटर साफ केले होते. एका दुखण्याच्या दोन तक्रारी करून टाकल्या होत्या.

मला हे एकच दुखणं वाटलं, याचं कारण त्या मीटरची रचना. या जुन्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरमध्ये इग्निशन स्विचकडून स्पार्कचा दाब तयार करणाऱ्या कॉइलकडे जाणारी पांढरी वायर मीटरच्या पाठीवर वेढा घेऊन पुढं जाते. प्रत्येक सिलिंडरला स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारा छोटा स्विच, उघडले की कॉइलचा करंट तुटतो, मिटले की पुन्हा सुरू होतो, आणि मीटर त्या वेढ्यातून करंटचा प्रत्येक ठोका मोजतो. चार सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला दोन स्पार्क पडतात. ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके. जो करंट स्पार्क पाडतो तोच काटा हलवतो. त्यामुळे काटा उड्या मारतो म्हणून मीटर बदलायचा, हे मला कधीच पटत नाही.

पहिल्यांदा मीटरची सप्लाय आणि अर्थ तपासली, दोन्ही पक्की. मग पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा माझा ड्वेल मीटर कॉइलला जोडला, पण क्लिपा उलट्या लावून. या गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. एमजीबीला निगेटिव्ह अर्थ आला तो १९६७ च्या अखेरीस मार्क टू निघाली तेव्हा. आपल्याकडच्या हाताला निगेटिव्ह अर्थचीच सवय, म्हणून अशा गाडीवर मी बॅटरीजवळ चिकटपट्टीवर लिहूनच ठेवतो. स्लोवर ड्वेल ६० अंश. या लुकास डिस्ट्रिब्युटरला हवा तेवढाच.

आता घाट आणि सपाटी यांतला फरक गाडी उभी ठेवून घडवायचा होता. पेडल पूर्ण दाबलं की इंजिनाच्या ओढीचा व्हॅक्यूम पडतो. हलक्या पायावर तो वाढतो, कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या नळीतून डिस्ट्रिब्युटरच्या बाजूची डबी ओढली जाते आणि पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट थोडी फिरते. स्लोवर त्या नळीत व्हॅक्यूम नसतो, कारण नळीचं भोक कार्ब्युरेटरच्या बटरफ्लायच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, अलीकडे असतं. मी कार्ब्युरेटरकडची नळी काढली, पुसली आणि तोंडानं ओढली.

"दादा, काटा पडला!" आत बसलेला पोरगा ओरडला.

माझा ड्वेल मीटरही त्याच क्षणी थरथरला. नळी सोडली की दोन्ही काटे जागेवर. पुन्हा ओढली, पुन्हा पडले. दोन वेगळे मीटर एकाच वेळी एकच सांगत होते, त्यामुळे डॅशबोर्डमधला मीटर निर्दोष सुटला.

डिस्ट्रिब्युटर जागेवरच ठेवला, म्हणजे टायमिंग हलणार नाही. कॅप आणि रोटर काढला. बॉडीच्या खाचेत प्लास्टिकचा ठोकळा असतो, तिथून पॉइंटपर्यंत बोटभर वायर येते. प्लेट फिरते तेव्हा ही वायर दर वेळी वाकते. वरून अगदी धडधाकट दिसत होती. दोन्ही टोकांना चिमटीत धरून हलकेच ताणली, तर मधल्या एका जागी ती रबरासारखी लांबली. तांबं असलेली वायर अशी ताणली जात नाही. ब्लेडनं तिथलं आवरण उकललं. आत हिरव्या पडलेल्या तारा, बहुतेक तुटलेल्या, टोकाला टोक टेकवून उभ्या. सरांना चष्मा लावून दाखवलं. ते बराच वेळ ती वायर हातात फिरवत राहिले.

इथं साधी वायर चालत नाही. जाड तारांची असेल तर प्लेटला अडवते आणि काही दिवसांत पुन्हा तुटते. मल्टिमीटरच्या प्रोबला असते तशी बारीक तारांची, सिलिकॉनच्या आवरणाची मऊ वायर घेतली, टोकं सोल्डर केली आणि प्लेट पूर्ण फिरली तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवली. प्लेटला अर्थ देणारी विणीव तार शाबूत होती. पॉइंट हलवले होतेच, म्हणून फिलर गेजनं गॅप ०.०१५ इंचावर पुन्हा लावला. नळी ओढून पाहिली, काटा हलला नाही.

कागलच्या दिशेनं हायवेवर गाडी काढली. सर चालवत होते, मी शेजारी. हलक्या पायावर ३००० धरायला सांगितलं. काटा तिथंच राहिला, आणि झटकेही गेले.

परत आल्यावर सरांनी डिकीतून तो मागवलेला मीटर काढून दाखवला. तो निगेटिव्ह अर्थचा होता. मी त्यावर तसं ठळक लिहून खोक्यात परत ठेवला.