४७, ८९, ४८

शनिवार, रात्री

प्रोसेसरचं तापमान उड्या मारत असेल, तर आकडा किती यापेक्षा तो किती झपाट्याने खाली येतो ते बघावं. आज आत्याच्या कॉम्प्युटरनं हे पुन्हा पटवलं.

ऐन लगीनसराई, पत्रिकांची डीटीपीची कामं तुंबलेली, आणि कोरलड्रॉ हा डिझाइनचा प्रोग्रॅम उघडलं की पंखा किंचाळतो. तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडे ४७, ८९, ४८ असे एका सेकंदात वरखाली. एका ओळीत तर अखंड १२७! आत्या म्हणाली, "अरे, पाणी शंभरला उकळतं की! पेटणार नाही ना हे?" कोपऱ्यावरच्या दुकानदाराने न उघडताच तिला प्रोसेसर बदलायला सांगितलं होतं. याचा मला मनापासून राग येतो.

१२७ चा निकाल लगेच लागला. मदरबोर्डवरच्या (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवरच्या) सेन्सर चिपला बरेच इनपुट असतात. ज्याला काहीच जोडलेलं नाही, तिथूनही ती काहीतरी आकडा देते. ती ओळ सोडून द्यायची. त्यात तापमान दाखवणारे दोन प्रोग्रॅम एकदम चालू. एकाने चिपला प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्याने मध्येच तोंड घालायचं, असं होऊ शकतं. एक बंद केला. पंख्याचे वेडेवाकडे आकडे थांबले, कोरचे, म्हणजे प्रोसेसरमधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागांचे, मात्र उडतच राहिले.

कोरचा सेन्सर प्रोसेसरच्या पोटात असतो. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरमध्ये तो कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढंच सांगतो. वजाबाकी प्रोग्रॅम करतो. म्हणून मर्यादेजवळ तो भरवशाचा, खाली तितकासा नाही. खोलीतच ३३ अंश असताना साध्या पंख्यावरचा प्रोसेसर २८ दाखवत असेल, तर तो आकडा खोटाच. एएमडी कंपनीच्या २०१७ च्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्सवर तर पंख्यांचं धोरण सगळ्या मॉडेलांना सारखं राहावं म्हणून २० अंश मिळवूनच आकडा बाहेर यायचा. किती जण उगाच घाबरले असतील!

मग सगळ्या कोरवर भार टाकला आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांना बोट लावलं. पडद्यावर ८९, पाती जेमतेम कोमट. भार थांबवताच आकडा क्षणात पन्नाशीच्या खाली. धातूत उष्णता मुरलेली असती, तर तो सावकाश उतरला असता. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. उष्णताच वर पोचत नव्हती.

हीटसिंक बोर्डावर दाबून धरणाऱ्या चार पुशपिनांपैकी एक अर्धवट वर आलेली. पिनांच्या टोप्या बाणाच्या दिशेने फिरवून हीटसिंक काढला. खालची, प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी पेस्ट वाळल्या चुन्यासारखी पापुद्रे धरलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली, पिना तिरक्या जोडीने दाबल्या. आणि बोर्डाच्या मागून चारही पिनांचे पाय पार गेलेत का, हे टॉर्चने पाहिलं. नुसत्या 'टक्' आवाजावर विसंबू नये.

आता निवांत असताना ४१, पूर्ण भारावर हळूहळू चढत ७२. कोरलड्रॉ उघडताना आकडा क्षणभर पंचावन्नला टेकतो, पण ते टर्बोमुळे (काम येताच प्रोसेसर क्षणभर वेग वाढवतो), आणि तसंच राहणार. आत्याला म्हटलं, तेवढ्याने घाबरू नकोस. कामात असताना ऐंशीच्या वर सरकला, तर मला फोन कर.